मुदत बोला, सर!

माझ्या ट्रेडमिलच्या दांड्यावर एक पांढरं लेबल चिकटवलेलं आहे. त्यावर गोल, नीटस अक्षरात लिहिलंय: 'वस्तू: ट्रेडमिल. सुखाची मुदत: अकरा दिवस. तपासणार: ह. ज. तामोरे.'

मशीन घरात आलं त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे तामोरेकाका वर आले, मशीनभोवती एक फेरी मारली, खिशातून लेबल काढलं आणि लावून गेले. मी पोट धरून हसलो. चौदा मॉडेलांची तुलना करून, फायदे-तोटे दोन रकान्यांत मांडून, संपूर्ण विचारांती घेतलेली वस्तू होती ती. मी काही भावनेच्या भरात खरेदी करणारा माणूस नव्हे.

अकराव्या दिवशी काका दारात हजर. ट्रेडमिलवर माझे दोन टॉवेल आणि बायकोचा परकर वाळत होता.

"ह्या वस्तूकडं बघून शेवटचं कधी हसलात, सर?"

मी आठवायला लागलो. आतून बायको म्हणाली, "परवा. हे त्यावरून पडले तेव्हा मी हसले."

"तुमचं नाय विचारत, वहिनी. ज्यांनी घेतली त्यांनी हसायला पाहिजे." मग त्यांनी लेबलावरचं 'अकरा' खोडून 'नऊ' केलं, बाजूला सही केली आणि निघून गेले. दुःख मला लेबलाचं नाही झालं. नवव्या दिवसाचा अंदाज बरोबर होता, त्याचं झालं.

आता मी कोण, हेही सांगून टाकतो, म्हणजे माझी फजिती पुरती कळेल. मी प्रेरणा देतो. तोच माझा धंदा आहे. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांमध्ये शनिवारी कामगारांना एका हॉलमध्ये बसवतात, आणि मी पुढे उभा राहून त्यांना जिंकायला शिकवतो. 'अडथळा म्हणजे पायरी!' हे माझं ठरलेलं वाक्य. त्यावर टाळ्या पडतात. आमच्या इमारतीची लिफ्ट बंद असली की मात्र मी खाली उतरायचं रद्द करतो. सकाळी पाचला उठण्याचे सात फायदे मला तोंडपाठ आहेत आणि माझ्या मोबाइलला रोज चार गजर लावलेले असतात. चारही बायको बंद करते.

तामोरेकाका असं माझंच एक भाषण ऐकायला आले होते. तेव्हा ते औषधांच्या एका कारखान्यात नोकरीला होते. भाषण संपल्यावर मला माझ्या फाइलवर लेबल सापडलं: 'परिणामाची मुदत: समोसा संपेपर्यंत.' हॉलमध्ये नजर टाकली तर खरोखरच सगळे कागदाला हात पुसून निघालेले.

हे लेबलांचं खूळ त्यांच्या नोकरीतून आलं. औषधाचा माल तयार झाला की त्यातल्या थोड्या गोळ्या कारखान्यातच कपाटात ठेवून देतात. उष्णता इतकी, दमट हवा इतकी, असं सगळं बांधून. मग तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षानं एकेक काढून बघायची, अजून गुण शिल्लक आहे का? त्यावरून औषधाची मुदत ठरते. काकांनी उभा जन्म त्या कपाटांसमोर काढला. "गोळी बाजारात जाते," ते सांगायचे, "खाणारा बरा होतो, नाहीतर वर जातो. तिची बहीण मात्र आमच्या कपाटात गप बसलेली असते. खरं काय ते तीच सांगते."

निवृत्त झाल्यावर कपाटं सुटली, पण डोळा सुटला नाही. जगातली जी म्हणून वस्तू माणूस सुखासाठी विकत घेतो, तिची मुदत किती, हे ठरवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. पगार नाही, साहेब नाही, सुट्टीसुद्धा नाही. कुणी काही घेतलं असं कानावर आलं की ते पिशवीत लेबलं घालून निघालेच. "मुदत बोला, सर, मुदत! किंमत कुणीपण सांगतो."

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी नवी मोटार घेतली. हार, नारळ, पेढे, सगळं झालं. पेढा तोंडात ठेवून काकांनी डिकीवर लेबल लावलं: 'सुखाची मुदत: पहिला ओरखडा.' सेक्रेटरी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मग गेटच्या खांबाला गाडी घासली आणि त्या दिवशी ते आपणहून काकांच्या घरी जाऊन बसले. दुसरं कुणाला सांगणार बिचारे!

काका स्वतः टपरीवर चहासुद्धा घ्यायचे नाहीत. "चार मिनिटांची मुदत. असल्या मालावर कोण पैसे घालतो?" त्यांचं घर जवळजवळ रिकामं. लग्न राहून गेलेलं. एक कॉट, एक खुर्ची, स्वयंपाकाची चार भांडी, आणि खिडकीत एक पत्र्याची जुनी कंपासपेटी, रंग पार उडालेली. तिच्यावर लेबल होतं: 'मुदत: चालू.' अख्ख्या इमारतीत 'चालू' लिहिलेली ती एकच वस्तू. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आक्कानं घेऊन दिली. पाचवीत," आणि विषय बदलला.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. राहते बोईसरजवळच्या दांडीला, समुद्राकाठच्या घरात. आईबाप लवकर गेले, नवराही लवकर गेला. आक्कानं डोक्यावर पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात मासळी विकली आणि ह्या भावाला शिकवलं. चाळीस वर्षं बाजारात बसलेली बाई. तिच्याशी भाव करून जिंकलेला माणूस अजून जन्मायचाय, असं काका अभिमानानं सांगत.

मग तिचे गुडघे गेले. डॉक्टरांनी बाजार बंद केला. आणि आक्का बोलायचीच थांबली.

एक दिवस काका माझ्याकडे आले. पिशवी नाही, लेबलं नाहीत. खुर्चीच्या कडेवर बसले.

"सर, दोन महिने झाले. भिंतीकडं तोंड करून बसते. ताटातलं अर्धं मांजराला घालते. मी काय काय नाय आणलं? मोठा टीव्ही आणला, मुदत तीन दिवस. पाय चोळायचं मशीन आणलं, मुदत एक दिवस. पाठ मागं पडणारी खुर्ची आणली, तिच्यात मांजर झोपते. मांजराची मुदत चांगली चाललीय." त्यांनी हसायचा प्रयत्न केला, जमला नाही. "रिटायरचे पैसे पडून हायत. मला त्यांचं काय करायचंय? ती परत पयल्यासारखी झाली पायजे, बस्स. तुमी येता काय? तिला जरा प्रेरणा द्या."

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी मनापासून बोलावत होतं. मी कोट घालून गेलो. दांडीला. भर दुपारी.

आक्का ओटीवर बसली होती. लहानखुरी, कोरडी, नजर अंगणाच्या पलीकडे कुठेतरी. मी घसा साफ केला आणि वीस मिनिटं बोललो. शेवटी हात उंचावून म्हटलं, "आक्का, अडथळा म्हणजे पायरी!"

आक्कानं माझ्याकडे बघितलं. "पायऱ्याच तर चढवत नाय मला, बाबा."

संपलं. कोटाच्या आत मी घामानं भिजून गेलो होतो. तेवढ्यात एक बाई सुकट घेऊन रस्त्यानं चालली होती. रिकाम्या हातानं घरी जायचं तरी कसं, म्हणून मी तिला थांबवलं, भाव विचारला, तिनं सांगितला आणि मी पाकीट काढलं. मी भाव करत नाही. मला लाज वाटते. आणि वरून मी त्याला तत्त्व म्हणतो.

"अरे ए!" ओटीवरून असा आवाज आला की माझं पाकीट खाली पडलं. आक्का भिंतीला धरून उभी राहिली होती. "एवढे देतात काय? येड लागलंय काय तुला? आणि तू गं, ह्याच्या कोटाकडं बघून भाव सांगतेस काय? अर्धी तर वाळू हाय त्यात!"

पुढची दहा मिनिटं त्या दोघी भांडल्या. काय भांडल्या! आक्काच्या गालांवर रंग चढला. सुकट मला निम्म्या भावात मिळाली आणि ती विकणारी बाईसुद्धा हसतच गेली. मी वळून काकांकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढला होता आणि शर्टाच्या टोकानं पुसत होते. पुसून झाला तरी पुसत होते.

"दोन महिन्यांत पयल्यांदा वरडली, सर," एवढंच म्हणाले.

आठवड्याभरात काकांची योजना तयार झाली. पहाटे त्यांनी बंदरावर जायचं, लिलावात मासळी घ्यायची आणि 'चुलतभावाच्या बोटीवरची हाय, तू विकून दे' म्हणून आक्काच्या ओटीवर ठेवायची. आक्कानं पाटी मांडून बसायचं. आणि गिऱ्हाइकं? गिऱ्हाइकं काकाच पाठवणार. सोसायटीतली, जुन्या कारखान्यातली, त्यांच्या ओळखीची. पैसे काकांचे, मासळी गिऱ्हाइकाची. अट एकच. भाव करायचा, आणि कडक करायचा.

माझ्यातला विचारी माणूस खवळून उठला. "म्हणजे एकच मासळी तुम्ही दोनदा विकत घेणार? एकदा बंदरावर, एकदा बहिणीकडून?"

"हां."

"आणि खाणार कोण?"

"तुमी."

"ह्यात तुमचा फायदा काय, काका?"

"तुमी ट्रेडमिल घेतली त्यात काय होता?" काका म्हणाले. आतून बायको म्हणाली, "पापलेट असेल तर आमचं नाव आधी घाला." आमच्या घरात खरोखर विचारी माणूस एकच आहे, आणि तो मी नव्हे.

पण काका म्हणजे कारखान्यातला माणूस. तिथे साधी बाटली धुवायची तरी लेखी कार्यपद्धती असते, प्रत्येक पायरी ठरलेली, आणि तीत काडीचा बदल चालत नाही. काकांनी आम्हा सगळ्यांना भाव करण्याची कार्यपद्धती लिहून दिली. आधी माशाचा कल्ला उघडून बघावा. मग नाक मुरडून 'वास येतोय' म्हणावं. सांगितलेल्या भावाच्या बरोबर निम्मा मागावा. आक्कानं नकार दिला की उठावं, सात पावलं चालावं आणि थांबावं. हाक येईल. हाक आली की वळावं. काकांनी आपल्या दिवाणखान्यात उशीचा मासा करून आमच्याकडून तालीमसुद्धा करून घेतली. सेक्रेटरी दोनदा नापास झाले, कारण त्यांना नाक मुरडता येत नव्हतं.

आणि योजना चालली की हो! काका रोज संध्याकाळी बातमी आणायचे. आज आक्का इतकी ओरडली. आज तिनं गिऱ्हाइकाच्या सात पिढ्या काढल्या. आज दोन भाकऱ्या खाल्ल्या. मांजराला खुर्चीतून हाकललं. सांगताना हा माणूस दहा वर्षांनी लहान दिसायचा.

माझी पाळी एका रविवारी आली. मी स्कूटरवरून पोचलो तेव्हा काका बर्फ आणायला गेले होते. ओटीवर आक्का, समोर पाटी, वर ओला फडका. पलीकडच्या अंगणात शेजारीण बोंबील वाळत घालत होती.

"ये," आक्का म्हणाली. "भाषण नाय ना आज?"

"नाही, नाही. गिऱ्हाईक म्हणून आलोय." मी बसलो, पापलेट उचललं, कल्ला उघडला, नाक मुरडलं. "वास येतोय."

"माशाला माशाचाच येणार. अत्तर पायजे तर बोईसरला जा."

मी भाव विचारला. निम्मा मागितला. तिनं माझ्या आणि माझ्या कोटाच्या नावानं जे काय ऐकवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी ठरल्याप्रमाणे उठलो. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. थांबलो.

हाक आली नाही.

मी उभा. वर ऊन. शेजारणीनं बोंबील टाकायचे थांबवून माझ्याकडे बघायला सुरुवात केली. एक कुत्रा येऊन माझ्या बुटाचा वास घेऊन गेला. कार्यपद्धतीत आठवं पाऊल नव्हतं. पुढे जावं तर काकांची योजना मोडते, मागे वळावं तर भाव मोडतो. तुमच्या मनातला निर्णय ठामपणे घ्या, असं मी लोकांना आठ वर्षं सांगतोय. मी तिथे नारळाच्या झाडासारखा उभा राहिलो. झाडाला निदान सावली तरी असते.

शेवटी मागून हसण्याचा आवाज आला. आक्का पदरानं डोळे पुसत होती. "ये रे बाबा, ऊन लागंल. बस इथं."

मी येऊन बसलो. तिनं तांब्या पुढे केला.

"तू चौदावा. सगळे मेले सातव्या पावलावर थांबतात. जगात अशी गिऱ्हाइकं असतात व्हय? आणि सगळे कल्ला डाव्या हातानं उघडतात."

मी माझ्या हाताकडे बघितलं. डावाच होता. मी उजव्या हाताचा माणूस.

"आमचा हरी डावरा हाय," आक्का म्हणाली. "त्यानं उघडून दाखवला असंल, तसा तुमी शिकलात. पयल्याच दिवशी कळलं मला."

"मग तुम्ही ओरडता ते?"

"वरडते. तो बाजूला बसून बर्फ फोडत असतो ना. मी वरडले की हसतो. लहानपणी हसायचा तस्सा." तिनं पाटीवरचा फडका सारखा केला. "तुला सांगते, रिटायर झाल्यावर त्याचं काय झालेलं तुला ठाव नाय. इथं यायचा, तासतासभर गप बसायचा. एकदा माझ्या चपलीला चिठ्ठी चिकटवली. जेवलास काय विचारलं तर हो म्हणायचा, आणि पोट पाठीला. माझं काय, माझे गुडघे गेले, पण त्याचं तर सगळंच गेलेलं. आता पहाटे उठतो, बंदरावर जातो, दुपारी माझ्या हातचं जेवतो. ह्या मासळीचे पैसे येतात ना, त्यातच त्याला जेवायला घालते. त्याचेच पैसे, त्याच्याच पोटात."

म्हणजे हा तिला जगवायला पाटी भरत होता, आणि ही त्याला जगवायला पाटी मांडून बसत होती. मध्ये आम्ही चौदा शहाणे सात सात पावलं चालत होतो.

"आणि तुम्हाला, आक्का? तुम्हाला बरं वाटतं की नाही?"

तिनं पापलेट उचलून माझ्या पिशवीत टाकलं. "गिऱ्हाईक खोटं, पण म्हावरं खरं हाय ना. त्याला हात लावून बसवतं तरी मला." मग आवाज खाली आणला. "त्याला सांगू नको. आणि पुढच्या वेळी जरा लांब जा. दहा पावलं जा. मला पण एकदा वाटू दे, गेलं गिऱ्हाईक म्हणून."

मी मान डोलावली.

संध्याकाळी काका दारात. "हाक मारली ना?"

"मारली." हे खोटं नव्हतं.

"आवाज?"

"शेजारीण काम सोडून बघत होती." हेही खोटं नव्हतं.

काकांचा चेहरा फुलला. त्यांनी खिशातून लेबल काढलं आणि फ्रिजमधून पापलेटची पिशवी मागवून तिच्यावर लावलं: 'सुखाची मुदत: उद्या सकाळपर्यंत.'

"एवढीच?" मी म्हटलं. "तुम्ही तर वर्षाच्या आतला माल नापास करता."

"ताजा माल हाय, सर. टिकत नाय. रोज आणायला लागतो." ते दारातच थोडे घुटमळले. "जन्मभर मी टिकणारं शोधत बसलो. आक्का पाटी घेऊन रोज जायची, तवा मला नाय कळलं." मग म्हणाले, "खाली टपरीवर चहा घेता काय?" आणि आम्ही चार मिनिटांच्या मालावर पैसे घातले. दोनदा.

पुढच्या रविवारी मला गजराआधी जाग आली. बायकोनं कपाळाला हात लावून ताप बघितला. मी दांडीला पोचलो तेव्हा काका आक्काच्या शेजारी बसून बर्फ फोडत होते. मी कल्ला उघडला, नाक मुरडलं, निम्मा भाव मागितला, शिव्या खाल्ल्या आणि उठलो.

सातव्या पावलावर मागून काकांचा खोकला आला. आठव्यावर बर्फ फोडायचा आवाज थांबला. नवव्यावर "सर! अहो सर!" असं दबक्या आवाजात. दहावं पाऊल टाकून मी हळूच मागे बघितलं. काका हातात बर्फाचा तुकडा घेऊन उभे होते, तोंडचं पाणी पळालेलं. आणि आक्का पाटीवर हात टेकून माझ्याकडे बघत होती. खरंच जरा घाबरल्यासारखी, डोळे लखलखीत.

"ये रे मुडद्या! घेऊन जा, तुझ्याच भावात जा घेऊन!" तिची हाक अख्ख्या दांडीला ऐकू गेली असेल.

हाक मला होती. पण बघत ती भावाकडे होती, आणि बर्फाचं पाणी कोपरापर्यंत ओघळत असताना तो खदखदून हसत होता. मी परत आलो, पाटीसमोर बसलो आणि दुसऱ्या माशाचा कल्ला उघडून बघितला. डाव्या हातानं.